सहा वर्षं झाली, आता आतून काही येतच नाहीये. तुम्ही कसे टिकता?

कोरी_पाटी

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज झोप येत नाहीये म्हणून लिहूनच टाकते, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही सात-आठ जण मिळून एक छोटं काम करतो. कामाला जुंपलेली मुलं शोधायची, घरच्यांशी बोलायचं, मुलांना परत शाळेत घालायचं आणि ती तिथे टिकावीत म्हणून संध्याकाळी वर्ग घ्यायचे. सांगायला एका वाक्याचं काम, पण एकेका मुलामागे कधीकधी अख्खं वर्ष जातं. मी सहा वर्षं करतेय, त्यातली चार फुलटाइम.

गेल्या महिन्यात काय झालं, एक मुलगी होती, बारा-तेरा वर्षांची, तिला आम्ही तिसऱ्यांदा शाळेत आणलं होतं. पहिल्यांदा आली तेव्हा चार महिन्यांत गळली कारण धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी कुणी नव्हतं. मग आम्ही त्या भावंडाची सोय लावली. दुसऱ्यांदा आली तर वडील आजारी पडले, घरात कमावणारं कुणी उरलं नाही, परत गेली. तिसऱ्यांदा खरंतर सगळं छान चाललेलं, आमच्या वर्गात ती लहान मुलांना वाचून दाखवायची, मोठ्या आवाजात, मास्तरीण असल्यासारखी. आणि एक दिवस घराला कुलूप. शेजारी म्हणाले कामासाठी गेले सगळे, कुठे ते माहीत नाही. फोन बंद. विषय संपला.

मी रडले वगैरे नाही, आणि तेच मला जास्त खटकतंय. मी रजिस्टर काढलं, तिच्या नावापुढे 'स्थलांतर' लिहिलं आणि पुढचं नाव वाचलं. दोन दिवसांनी लक्षात आलं की आपल्याला काहीच झालेलं नाहीये. पहिल्या वर्षी असं एक मूल गेलं तेव्हा मी आठवडाभर जेवले नव्हते धड.

त्यात त्याच आठवड्यात एका देणगीदारांकडून निरोप, की तुमचा इम्पॅक्ट एका पानात द्या. दिला. आकडे सगळे खरे होते, एकही फुगवलेला नव्हता, पण ते पान वाचताना असं वाटलं की हे कुणा दुसऱ्याच लोकांबद्दल लिहिलंय. आमच्यातले दोघं या वर्षी सोडून गेले, तिसरी जाणारे असं तिच्या चेहऱ्यावर दिसतंय, मी विचारत नाही कारण उत्तर ऐकायचं नाहीये.

तर प्रश्न असा आहे की जे लोक पंधरा-वीस वर्षं असं काहीतरी करतायत, कुठलंही काम, ते आशा आणतात कुठून? का ती नसतेच आणि फक्त सवय असते? की आपण स्वतःला फसवत असतो?

एक विनंती, मोटिव्हेशनल काही नको. 'थेंबे थेंबे तळे साचे' तर अजिबात नको, आमच्या तळ्याला खाली भोक आहे.

---

उगवता_सूर्य

ताई रात्र कितीही मोठी असली तरी सकाळ होतेच!! तुम्ही महान कार्य करताय, हार मानू नका, यश तुमचंच आहे 🙏🙏

---

कोरी_पाटी

दादा, शेवटची ओळ वाचायची राहिली का 🙂 असो, थँक्यू.

---

जुना_खांब

पाटीताई, मी सव्वीस वर्षं एका वेगळ्या क्षेत्रात काम केलं, आता निवृत्त म्हणा किंवा दमलेला म्हणा. तुमच्या 'काहीच झालं नाही'वर येतो, पण आधी एक किस्सा. मला हा सातव्या-आठव्या वर्षी कळला आणि तेव्हा फार उपयोगी पडला.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात सीब्रुक नावाचं गाव आहे, तिथे अणुवीज प्रकल्प होणार होता. त्याच्या विरोधात मे १९७७ मधे लोक थेट बांधकामाच्या जागेवर जाऊन बसले, १४१४ जणांना अटक झाली, त्यातले शेकडो लोक पुढचे दोन आठवडे कोठडीत राहिले. देशभर गाजलं. दुसऱ्या वर्षी बिल मॉयर नावाचे एक मुरलेले कार्यकर्ते या मंडळींचं शिबिर घ्यायला गेले. त्यांना वाटलं होतं लोक जोशात असतील, कारण एका वर्षात अणुवीज हा अख्ख्या देशाच्या चर्चेचा विषय झाला होता. तर समोर सगळे खांदे पाडून बसलेले. का, तर प्रकल्पाचं काम चालूच आहे, म्हणजे आपण हरलो.

त्यावरून मॉयरनी चळवळीच्या वाटचालीचे आठ टप्पे मांडले. चौथा टप्पा म्हणजे विषय पेट घेतो, सगळीकडे चर्चा. आणि पाचवा टप्पा म्हणजे हरल्यासारखं वाटणं. त्यांनी तो वेगळा टप्पा म्हणून मोजला हे मला फार मोलाचं वाटतं. कारण त्याच काळात सहावा टप्पाही चालू झालेला असतो, म्हणजे बहुसंख्य लोक हळूहळू तुमच्या बाजूला सरकत असतात, फक्त त्यात बातमी होण्यासारखं काही नसतं, सगळं संथ आणि कंटाळवाणं असतं. नेमकं तेव्हाच कार्यकर्ते घरी जातात.

आता सीब्रुकचं पुढे काय झालं तेही सांगतो नाहीतर मीही वरच्या सूर्यासारखाच वाटेन. तिथे दोन अणुभट्ट्या होणार होत्या. दुसरी अर्धवट सोडून दिली. पहिली झालीच, १९९० मधे सुरू झाली. आता याला हरणं म्हणा की जिंकणं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुमच्या कामापुरतं एक करून बघा. देणगीदाराला दाखवायचं रजिस्टर वेगळं आणि स्वतःची वही वेगळी ठेवा. वहीत फक्त रजिस्टरमधे न मावणाऱ्या गोष्टी लिहायच्या. मी लिहायचो. त्यातल्या निम्म्या नोंदी आज मलाच कळत नाहीत का लिहिल्या ते, पण उरलेल्या निम्म्यांनी मला तारलं.

---

तिरका_डोळा

जुना_खांब, किस्सा चांगलाय पण मला नेहमी एक प्रॉब्लेम वाटतो. या सगळ्या गोष्टी कधी सांगितल्या जातात, तर शेवटी काहीतरी हाती लागलं असेल तेव्हाच. ज्यांना काही मिळालं नाही त्यांची नावंही कुणाला माहीत नसतात. वाळूत गेलेल्या नद्यांचे नकाशे कोण काढतो.

आकडेच बघा ना. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या दोन अभ्यासकांनी १९०० ते २००६ मधल्या ३२३ मोठ्या आंदोलनांचा आणि लढ्यांचा अभ्यास केला. शांततेच्या मार्गाने गेलेली ५३ टक्के यशस्वी झाली आणि हिंसक २६ टक्के. लोक हे सांगताना खूश होतात की बघा, अहिंसा दुप्पट चालते. बरोबरच आहे ते. पण मी उरलेल्या ४७ टक्क्यांकडे बघतो. तीही माणसंच होती, त्यांनीही वर्षं घातली, काहींनी जीव घातला, आणि पूर्ण यश मिळालंच नाही. त्यामुळे शेवटी सत्याचा विजय होतो वगैरे मला कुणी सांगू नये.

आणि दुसरं म्हणजे समजा जिंकलात, तरी वेळ लागतो तो कुणाच्या जिवावर? ब्रिटिश पार्लमेंटमधे गुलामांचा व्यापार बंद करायचा ठराव १७९१ मधे विल्बरफोर्स या खासदाराने मांडला, १६३ विरुद्ध ८८ मतांनी पडला. मग पुन्हा, मग पुन्हा, असं करत १८०७ ला कायदा झाला. आपण म्हणतो वा काय चिकाटी, सोळा वर्षं! अहो पण त्या सोळा वर्षांत जहाजं चालूच होती ना. त्यात ज्यांना कोंबलं त्यांनी विल्बरफोर्सच्या चिकाटीचं काय करायचं? आणि १८०७ ला बंद झाला तो फक्त व्यापार, गुलामगिरी नव्हे. तिचा कायदा व्हायला १८३३ उजाडलं.

कोरी_पाटी, तुम्हाला नाउमेद करायचं नाहीये. पण तुमच्या त्या मुलीसाठी 'इतिहास आपल्या बाजूने आहे' हे उत्तर नाहीये एवढंच म्हणायचंय. तिचं तेरावं वर्ष एकदाच येणार.

---

कोरी_पाटी

तिरका_डोळा, विचित्र वाटेल पण तुमचा प्रतिसाद वाचून जरा बरं वाटलं. सगळे सांगतात की मोठं चित्र बघ. मोठं चित्र मी बघते हो. जगात कामाला जुंपलेली मुलं २००० साली साधारण २४.६ कोटी होती आणि २०२४ साली १३.८ कोटी, हे मीच दर ट्रेनिंगमधे सांगते, मधे २०१६ ते २०२० या काळात आकडा उलटा वाढला होता तेही सांगते. २०२५ पर्यंत शून्यावर आणायचं जगाने ठरवलं होतं, ते हुकलं. तरी पंचवीस वर्षांत दहा कोटींनी कमी होणं ही काही साधी गोष्ट नाही, मला कळतं.

पण मला तो आकडा त्या कुलुपाच्या शेजारी ठेवता येत नाही. ठेवला की दोन्हींपैकी काहीतरी एक खोटं वाटायला लागतं.

---

जुना_खांब

मग ठेवू नका शेजारी. अहो मला वाटतं गोंधळ इथेच आहे, आणि तिरका_डोळा यांचं म्हणणं मला पटलं म्हणूनच सांगतो. आशा ही कामाबद्दल असते. त्या मुलीबद्दल जे आहे ते दुःख आहे. दुःखाला आशेचं औषध लावलं की दोन्ही बिघडतात. आपल्याकडे कार्यकर्त्याने दुःख करायचं नाही असा एक अलिखित नियमच झालाय, लगेच पुढचं मूल, पुढचं गाव, पुढची केस. तुम्ही रजिस्टरमधे 'स्थलांतर' लिहून पुढचं नाव वाचलंत ना, ते निगरगट्टपणामुळे नाही झालं. सहा वर्षांत अशी किती मुलं गेली आणि त्यांच्यासाठी तुम्ही एकत्र बसून कधी बोललात का?

आमच्याकडे एका प्रकरणात असंच झालं होतं. नऊ महिने धावपळ आणि शेवटी माणूस गेलाच. दुसऱ्या दिवशी मीटिंग होती. एक सहकारी म्हणाली मी आज अजेंडा घेणार नाही, आज त्याच्याबद्दल बोलायचं. मला तेव्हा राग आला होता, वेळ वाया जातोय असं वाटलं. तासभर बोललो. त्यानंतर सहा महिने एकही माणूस सोडून गेला नाही. मी हे तेव्हा जोडून पाहिलं नव्हतं, आता तुम्हाला लिहिताना जोडतोय.

---

निवांत_दुपार

मी समुपदेशन करते, बऱ्याचदा तुमच्यासारख्याच लोकांबरोबर, म्हणून थोडं.

बर्नआउट हा शब्द आता कॉर्पोरेटवाल्यांनी पळवलाय, पण तो मानसशास्त्रात आला कुठून माहितेय का? न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यातून. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नावाचे मानसोपचारतज्ज्ञ तिथे काम करायचे, दिवसा आपली प्रॅक्टिस आणि रात्री दवाखान्यात फुकट. तिथल्या कार्यकर्त्यांचं आणि स्वतःचंही काय होतंय हे बघून त्यांनी १९७४ मधे लेख लिहिला. म्हणजे हे दुखणं पहिल्यांदा नोंदलं गेलं ते मनापासून काम करणाऱ्या, फुकट काम करणाऱ्या माणसांमधेच. थकवा, चिडचिड तर असतेच, पण एक लक्षण असं की समोरच्या माणसाबद्दल काही वाटेनासं होतं. तो आपला 'केस' होतो. तुम्ही 'मला काहीच झालं नाही' लिहिलंय ना, त्याच्याकडे मी स्वभाव बिघडला म्हणून नाही तर लक्षण म्हणून बघेन. आणि लक्षणावर विचार करून उपाय होत नाही, त्याला विश्रांती आणि सोबत लागते. जमलं तर कुणा जाणकाराला प्रत्यक्ष भेटा, इथे लिहून सगळं होणार नाही.

दुसरं, आशेबद्दल. आपण आशा म्हणजे 'सगळं चांगलं होईल' ही भावना समजतो. चार्ल्स स्नायडर म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९९० च्या दशकात याचा बराच अभ्यास केला, त्यांची मांडणी फार व्यवहारी आहे. आपल्याला कुठे जायचंय ते माहीत असणं, तिथे जायच्या वाटा सुचणं, आणि त्या वाटेवर चालायची ताकद आपल्यात आहे असं वाटणं, हे तिन्ही मिळून आशा. यात मला आवडतं ते 'वाटा' हे अनेकवचन. एक बंद झाली तर दुसरी सुचते का? तुम्ही लिहिलंय बघा, भावंडाची अडचण आली तर त्याची सोय लावली. ती आशाच होती की! भावना म्हणून जाणवली नसेल तुम्हाला, काम म्हणून केलीत.

मला या बाबतीत अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरातला बस बहिष्कार नेहमी आठवतो. तिथे बसमधे काळ्या लोकांना गोऱ्यांसाठी जागा सोडावी लागायची, त्याविरुद्धचा. आपल्याला माहीत असतं रोझा पार्क्स उठल्या नाहीत आणि इतिहास घडला. दमलेली शिवणकाम करणारी बाई, एवढंच चित्र. पण त्या १९४३ पासून काळ्यांच्या हक्कांसाठीच्या संघटनेचं काम करत होत्या, म्हणजे बारा वर्षं, आणि त्यातली बहुतेक वर्षं निकाल शून्य असलेली. त्यांच्या आधी नऊ महिने, मार्च १९५५ मधे, क्लॉडेट कॉल्व्हिन नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीने जागा सोडायला नकार दिला होता, तिला अटकही झाली, पण तिच्या नावावर आंदोलन उभं करायचं नाही असं पुढाऱ्यांनी ठरवलं. पुढे बसमधल्या भेदभावाचा जो खटला जिंकला त्यात ही मुलगी वादी होती आणि रोझा पार्क्स नव्हत्या!

आणि तो बहिष्कार ३८१ दिवस चालला. भाषणं होतीच, पण रोजचा दिवस निघाला तो गाड्यांच्या वेळापत्रकावर. शेकडो खाजगी गाड्या, ठरलेले थांबे, कुणाला कुठून उचलायचं याच्या याद्या. विमा कंपन्यांनी गाड्यांचे विमे रद्द केले तर विमा दुसरीकडून मिळवला. ही झाली वाटा शोधणं. शेवटी शहराने ही गाड्यांची व्यवस्थाच बंद पाडायला कोर्टात धाव घेतली. १३ नोव्हेंबर १९५६ ला सुनावणी होती. मार्टिन ल्यूथर किंग कोर्टात बसलेले, आपण हरणार हे जवळजवळ नक्की, आदल्या रात्री लोकांना काय सांगायचं याचंच त्यांना दडपण आलं होतं, कारण गाड्या गेल्या तर एवढी माणसं रोज किती चालणार. आणि सुनावणी चालू असतानाच बातमी आली की सुप्रीम कोर्टाने बसमधला भेदभाव बेकायदा ठरवलाय. गंमत म्हणजे माँटगोमेरीच्या कोर्टात ते खरोखरच हरले, त्याच दिवशी गाड्यांवर बंदी आली.

हे सांगण्याचं कारण, तुमच्या बाबतीत असंच होईल असं नाही. एवढंच की आदल्या रात्री त्यांनाही माहीत नव्हतं, आणि तरी दुसऱ्या दिवशी गाड्या कुठल्या थांब्यावर जाणार ते ठरलेलं होतं.

(अवांतर: 'जी तिसरी जाणारे' तिला विचारा हो. न विचारल्याने ती थांबणार नाहीये.)

---

तिरका_डोळा

निवांत_दुपार, मस्त लिहिलंय, कॉल्व्हिनचं माहीत नव्हतं.

मी मघाशी फार कडू झालो असेन तर माझ्याकडून एक गोड नाही पण निदान आंबट-गोड. मला आशावादी लोकांपेक्षा रघुनाथ धोंडो कर्वे जास्त आधार देतात. संततिनियमनाचं केंद्र मुंबईत १९२१ ला काढलं, प्राध्यापकी गेली. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं, अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले तरी हरले. तरीही दर महिन्याला अंक. १९५३ ला गेले तोपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षं. लोकांनी हसायचं, शिव्या द्यायच्या, बायको मालतीबाई नोकरी करून घर सांभाळायच्या. समाज आता सुधारतोय असं रोज सकाळी उठून त्यांना वाटत असेल असं मला नाही वाटत. त्यांचं गणित बहुतेक असं असावं की हे बरोबर आहे, मला करता येतं, म्हणून मी करणार, तुम्हाला पटो न पटो. आशा असली काय नसली काय, अंक वेळेवर छापायला जायला हवा.

गंमत बघा, १९५२ मधे सरकारने कुटुंबनियोजन हा राष्ट्रीय कार्यक्रम केला. ते गेले त्याच्या एक वर्ष आधी. त्यांना कुणी फुलं दिल्याचं ऐकिवात नाही.

पण मालतीबाईंचं वाक्य लिहिताना मीच थबकलो. एकाच्या चिकाटीमागे दुसऱ्याचा पगार होता. हे आपण चिकाटीच्या गोष्टी सांगताना गाळतो. तुमच्यातले जे दोघं सोडून गेले त्यांची चिकाटी कमी पडली की घरी दुसरा पगार नव्हता?

---

कोरी_पाटी

दुसरा पगार नव्हता. दोघांच्याही. आणि मी मनातल्या मनात त्यांना 'टिकले नाहीत' असं म्हणत होते, हे आत्ता तुमचं वाचून लक्षात आलं. नको वाटतंय स्वतःचंच.

---

बाहेर_पडलेला

बरेच दिवस वाचतोय, लिहीत नाही, पण आता या 'सोडून गेलेल्यां'च्या वतीने लिहायलाच हवं.

मी नऊ वर्षांनी सोडलं. कारण काही भव्य नव्हतं. घरी आजारपण, डोक्यावर कर्ज, आणि एक दिवस मीटिंगमधे मी एका माणसावर ओरडलो, ज्याच्यासाठी आम्ही काम करत होतो त्याच्यावरच. त्या दिवशी कळलं की आता मी इथे राहिलो तर कामाचं नुकसान करेन. नोकरी धरली, हिशोबाची. पहिली दोन वर्षं जुने सहकारी रस्त्यात दिसले तर मी फुटपाथ बदलायचो. त्यांनी कधी काही म्हटलं नव्हतं हो, मीच ठरवून टाकलं होतं की ते म्हणतायत.

मग कुठेतरी वाचलं की अमेरिकेत बायकांच्या मताधिकाराची मागणी १८४८ मधे सेनेका फॉल्सच्या सभेत झाली, जाहीरनाम्यावर ६८ बायका आणि ३२ पुरुषांनी सह्या केल्या. घटनादुरुस्ती होऊन हक्क मिळाला १९२० ला. त्या शंभरातली एकच बाई तोवर जिवंत होती, शार्लट वुडवर्ड, आणि मतदानाच्या दिवशी ती आजारी होती म्हणून तिलाही मत देता आलं नाही असं म्हणतात. बहात्तर वर्षं! एवढ्या काळात कितीजणी मधेच थांबल्या असतील, बाळंतपणं, आजारपणं, भांडणं, आणि सरळ कंटाळा. आणि तरी काम पुढे गेलंच की. म्हणजे 'न थांबणारी माणसं' असल्यामुळे नाही गेलं, थांबणाऱ्याच्या हातातून दुसऱ्याने घेतलं म्हणून गेलं. तेव्हापासून मी फुटपाथ बदलायचं सोडलं.

आणि ती सभा भरवणाऱ्या लुक्रेशिया मॉट आणि एलिझाबेथ स्टँटन पहिल्यांदा भेटल्या कुठे, तर १८४० च्या लंडनच्या गुलामगिरीविरोधी परिषदेत, जिथे बायकांना सभागृहात बोलू न देता बाजूला बसवलं होतं. एका चळवळीतला अपमान दुसरीचं बी झाला. हे कुणाच्या इम्पॅक्टच्या पानात बसलं असतं का?

पाटीताई, तुम्ही थांबा किंवा थांबू नका, ते तुमचं तुम्ही ठरवा. सहा महिने बाजूला होऊन परत येणं हाही पर्याय असतो, तो कुणी सांगत नाही. फक्त गेलेल्या दोघांना एक फोन करा. कामाला परत या म्हणून नको. ती मुलगी गेली हे त्यांना कुणी सांगितलंय का? तेही शिकवायचे ना तिला?

---

कोरी_पाटी

सॉरी, आठ-नऊ दिवस आलेच नाही इकडे.

सगळ्यांना वेगवेगळं उत्तर द्यायला हवं पण जमत नाहीये म्हणून एकत्र लिहिते. फोन केला. एकाला माहीत नव्हतं, तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला ती 'ळ' नेहमी उलटा काढायची. मला आठवतच नव्हतं ते. मग मी रडले, फोनवरच, तो पण. दुसरीने उचलला नाही, नंतर मेसेज आला की बोलू रविवारी.

शनिवारी वर्ग झाल्यावर आम्ही सगळे बसलो, गेलेल्या मुलांबद्दल बोलायचं म्हणून. सहा वर्षांतली नावं काढली तर सत्तेचाळीस निघाली. रजिस्टरमधे ती 'गळती' या एका आकड्यात होती. काही नावं घेतल्यावर हसू आलं, एक मुलगा रोज नवीन कारण सांगून उशिरा यायचा त्याची कारणं सगळ्यांना पाठ होती. तिरका_डोळा, तुम्हाला आवडणार नाही पण त्या सत्तेचाळिसातल्या दोघांबद्दल कळलं की ते दुसरीकडे शाळेत जातायत, आमच्यामुळे की नाही माहीत नाही. बाकीच्यांचं काहीच माहीत नाही. वहीत तसंच लिहिलंय, 'माहीत नाही', पंचेचाळीस वेळा.

तिसरीला विचारलं. जाणारे ती, मार्चमधे. तोपर्यंत मला तिचं सगळं काम शिकून घ्यायचंय, आणि ती म्हणते तू आधी दोन आठवडे सुट्टी घे, मग शिकवते. भांडण चालू आहे आमचं त्यावर.

मला आशा वाटतेय का? नाही माहीत. झोप लागतेय.

बाहेर_पडलेला, तुम्ही हिशोबाचं काम करता म्हणालात. आमचे वर्षभराचे हिशोब तीन जणांच्या तीन वह्यांत आहेत आणि जी जाणारे तीच ते जुळवायची. आठवड्यातून तासभर जमेल का? नाही म्हणालात तरी चालेल, खरंच.

---

बाहेर_पडलेला

एक्सेल पाठवा. वह्यांचे फोटो काढलेत तरी चालतील, पण पानं क्रमाने लावा आणि सावली पडू देऊ नका.

आणि मला ग्रुपवर ॲड करू नका.